पदार्थविज्ञान पाठ का होत नाही?



“सर, सूत्रे सगळी पाठ आहेत, पण उदाहरण काही सुटत नाही.” दहावी होऊन अकरावीच्या वर्गात आलेल्या मुलामुलींचे हे वाक्य पहिल्या चाचणीनंतर हमखास कानांवर येते. महाड शहरातला मुलगा असो, की पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीतून अर्धा तास चालत उतरून सकाळची एस.टी. पकडणारी मुलगी असो, तक्रार एकच. इतिहासातल्या सनावळ्या पाठ होतात, संस्कृतची रूपे पाठ होतात, मग या एकाच विषयाला काय धाड भरली? असे दोन-तीन महिने गेले, की मुले आपापसांतच निकाल लावून मोकळी होतात. “फिजिक्स हे हुशारांचे काम, आपल्याला झेपायचे नाही!” वाट बदलायला कोणाचीच हरकत नसावी, पण ती न समजलेल्या विषयाच्या धास्तीने बदलावी लागणे, हे काही बरे नव्हे.

या तक्रारीतच तिचे उत्तर दडलेले आहे. सूत्र ही पदार्थविज्ञानातील शेवटची ओळ असते. आधी घटना, मग तिचे चित्र, मग त्यातील मोजता येण्याजोग्या राशी आणि सर्वांत शेवटी त्या राशींमधला संबंध सांगणारे सूत्र, असा हा क्रम आहे. आपण शेवटची ओळ तेवढी पाठ करतो. नाटकातले शेवटचे वाक्य पाठ असणाऱ्याला नाटक कसे करता येईल?

शब्दांची फसगत

या विषयात पहिली ठेच लागते ती गणितात नव्हे, भाषेत. रसायनशास्त्रातले ‘संयुजा’, ‘उत्प्रेरक’ हे शब्द घरात कोणी वापरत नाही, त्यामुळे ते नवे म्हणूनच शिकले जातात. पदार्थविज्ञानाचे शब्द मात्र दिसायला ओळखीचे असतात. बल, कार्य, शक्ती, वजन, चाल, वेग हे सगळे शब्द आपण रोज बोलतो. ओळखीचा माणूस म्हणून आपण त्यांची चौकशी करत नाही आणि तिथेच फसतो.

महाडच्या बाजारात हमाल तांदळाचे ५० किलोचे पोते जमिनीवरून उचलून डोक्यावर घेतो. पोते सुमारे दीड मीटर वर गेले. त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य ५० × ९.८ × १.५ म्हणजे ७३५ ज्यूल झाले. आता तो ते पोते डोक्यावर घेऊन सपाट रस्त्याने २० मीटर चालत दुकानात जातो. या चालण्यात त्याने पोत्यावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य किती? शून्य! वर्गात हे सांगितले की निम्मी मुले हसतात आणि उरलेली निम्मी रागावतात. “सर, त्याला घाम फुटतो त्याचे काय?” हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि तो ज्याच्या मनात आलाच नाही त्याने ‘कार्य’ ही व्याख्या नुसतीच पाठ केली असे समजावे. उत्तर असे, की स्नायू ताणलेले ठेवण्यासाठी शरीर आतल्या आत ऊर्जा खर्च करीत असते आणि तिची उष्णता होते; म्हणून तो दमतो. पण पोते जितके उंच होते तितकेच उंच राहिले, म्हणून पोत्याच्या स्थितिज ऊर्जेच्या खात्यात काही जमा झाले नाही. मजुरी ठरवताना ‘काम’ म्हणजे काय हे बाजार ठरवील. पदार्थविज्ञानातले ‘कार्य’ म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेले विस्थापन, इतकेच.

तीच गोष्ट ‘वजना’ची. दुकानदार ‘वजन ५० किलो’ म्हणतो ते वस्तुमान असते. त्या पोत्याचे वजन ४९० न्यूटन. चंद्रावर नेले तर पोत्यातला तांदूळ तेवढाच राहील, पण वजन साधारण सहाव्या हिश्श्यावर येईल. ‘चाल’ आणि ‘वेग’ यांचेही तसेच. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारी गाडी रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर धावते. नकाशावर पट्टी ठेवून सरळ अंतर मोजाल तर ते जवळपास निम्मेच भरते. पहिले अंतर, दुसरे विस्थापन. चाल पहिल्यावरून काढायची, वेग दुसऱ्यावरून.

यासाठी एक सोपा उपाय सुचवतो. वहीची शेवटची चार पाने राखून ठेवा. प्रत्येक पान मधोमध दुमडा. डावीकडे शब्दाचा घरातला अर्थ लिहायचा आणि उजवीकडे पुस्तकातला. मधे एक वाक्य असे लिहायचे, की ज्यात दोन्ही अर्थ एकमेकांशी भांडतील. ‘हमाल दमला, पण कार्य शून्य’ हे त्यातले एक वाक्य. पंचवीस-तीस शब्द असे झाले, की दहावीपर्यंतच्या विषयाचा कणा हाती आला.

रायगडाचे एक उदाहरण

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रायगडावर जाण्यासाठी रज्जुमार्ग आहे. त्याची लांबी सुमारे ७५० मीटर, तो चढतो ती उंची सुमारे ४०० मीटर आणि वर पोचायला साधारण ४ मिनिटे लागतात. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या प्रवाशासाठी सरासरी चाल, कार्य आणि शक्ती काढायची आहे.

घाईत असलेला विद्यार्थी ७५० ला ४ ने भागतो आणि ‘चाल १८७.५ मीटर प्रति सेकंद’ असे लिहून पुढे सरकतो. ही चाल ताशी ६७५ किलोमीटर झाली. रज्जुमार्गाचा पाळणा नव्हे, हे तर विमान झाले! मिनिटांचे सेकंद करायचे राहिले, एवढीच चूक. पण उत्तराकडे क्षणभर पाहिले असते तर ती तिथेच सापडली असती. ४ मिनिटे म्हणजे २४० सेकंद. ७५० भागिले २४०, म्हणजे सुमारे ३.१ मीटर प्रति सेकंद, ताशी सव्वाअकरा किलोमीटर. सावकाश चालवलेल्या सायकलीएवढी ही चाल आहे. पटण्याजोगे उत्तर.

पुढे कार्य. इथे दुसरा खड्डा आहे. ७५० घ्यायचे की ४००? सूत्राकडे बघून हे कळत नाही, चित्राकडे बघून कळते. कागदावर तिरकी रेघ काढा, तिच्या टोकापासून खाली एक उभी रेघ सोडा. गुरुत्वाकर्षण खाली ओढते. त्याच्याविरुद्ध झालेले विस्थापन उभ्या रेघेइतके. म्हणून ६० × ९.८ × ४०० = २,३५,२०० ज्यूल. २४० सेकंदांत हे झाले, म्हणून शक्ती ९८० वॅट.

आता समजा, तुम्ही तीच उंची पायऱ्यांनी दीड तासात चढलात. कार्य तेवढेच. वेळ ५,४०० सेकंद. शक्ती सुमारे ४४ वॅट! जुन्या ६० वॅटच्या दिव्याला पुरणार नाही इतकी. हा आकडा पाहून पुष्कळांना वाईट वाटते; वाटू नये. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच अशा कार्यात बदलू शकतात, बाकीची उष्णता होते. २,३५,२०० ज्यूल म्हणजे सुमारे ५६ किलोकॅलरी. चौपट-पाचपट केली तर अडीचशेच्या आसपास येते. सुमारे ७० ग्रॅम तांदळाच्या पिठाची एक भाकरी एवढी ऊर्जा देते. म्हणजे अख्खा रायगड एका भाकरीवर चढता येतो, असा हिशेब निघाला. (हिशेब बरोबर आहे, पण याच्या भरवशावर डबा न घेता गडावर जाऊ नका!)

आपण एका उदाहरणाभोवती बराच वेळ घालवला. तो मुद्दामच घालवला. पंधरा उदाहरणे झरझर उतरवून घेण्यापेक्षा एकच उदाहरण असे चारी बाजूंनी उलटसुलट करून पाहावे, असे माझे मत आहे. एकक तपासले, चित्र काढले, उत्तर शक्य कोटीतले आहे का ते पाहिले, मग दिलेल्या गोष्टींपैकी एक बदलून काय होते ते पाहिले. वस्तुमान दुप्पट केले तर? वेळ निम्मा केला तर? असे प्रश्न स्वतःला विचारू लागलात की सूत्र आपोआप लक्षात राहते, आणि विसरले तरी पुन्हा उभे करता येते.

जाता जाता आणखी एक प्रश्न. घाटाचा रस्ता इतका नागमोडी का? सरळ वर नेला असता तर अंतर वाचले असते की! पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर. एवढा चढ ४० किलोमीटरांत पसरला, म्हणजे सरासरी तीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करायचे कार्य रस्ता कसाही नेला तरी तेवढेच. पण अंतर वाढवले की लागणारे बल कमी होते. गुळगुळीत उतरणीवर १०,००० किलोग्रॅमच्या गाडीला वर ढकलायला, घर्षण सोडून दिले तर, वजनाच्या तिसाव्या भागाइतके, म्हणजे सुमारे ३,३०० न्यूटन बल पुरते. पुस्तकातला ‘उतरण हे साधे यंत्र’ हा धडा आणि आंबेनळी घाट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

गुडघाभर पाणी

पदार्थविज्ञान परीक्षेपुरते नसते, असे प्रत्येक पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलेले असते आणि कोणी ते वाचत नाही. आपल्या खोऱ्यात मात्र ते प्रस्तावनेत ठेवून चालणार नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा मुंबई-गोवा महामार्गावरील जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने गेली. २०२१ च्या जुलैत महाड शहर पाण्याखाली होते, आणि त्याच २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळली. तुमच्यापैकी कित्येकांनी हे पाहिले आहे. तेव्हा या गोष्टींचा अभ्यास आपण जरा सावकाश करू.

प्रथम पाऊस. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. ‘मिलिमीटर’ या शब्दाने माणूस फसतो. मिलिमीटर म्हणजे अगदी लहान. पण हे माप उंचीचे आहे. एक चौरस किलोमीटर जागा घ्या. तिचे क्षेत्रफळ १०,००,००० चौरस मीटर. त्याला ०.५९४ मीटरने गुणले तर ५,९४,००० घनमीटर पाणी, म्हणजे जवळजवळ सहा लाख टन. २४ तासांवर वाटले तर एका चौरस किलोमीटरवर दर सेकंदाला सुमारे सात टन. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूरवरून महाडला येते, आणि तिला मिळणारे असे चौरस किलोमीटर कितीतरी आहेत. खाली खाडीला भरती असली की हे पाणी समुद्राकडे लवकर ओसरत नाही. आकडे आपोआप बोलू लागतात ते असे.

आता रस्त्यावर आलेल्या पाण्याकडे वळू. “गुडघाभरच पाणी आहे, जाईल गाडी!” असे दर पावसाळ्यात कोणीतरी म्हणते. जाईल का, ते आपणच काढू.

विहिरीतून पोहरा ओढताना तो पाण्यात असेपर्यंत हलका लागतो आणि पाण्याबाहेर आला की एकदम जड होतो, हा अनुभव तुम्हांला आहे. आर्किमिडीजचे तत्त्व तेच सांगते : बुडालेल्या वस्तूवर, तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल वरच्या दिशेने लागते. समजा, एका लहान मोटारीचे माणसांसह वस्तुमान १,२०० किलोग्रॅम आहे. तिच्या खालच्या भागाची लांबी ३.५ मीटर, रुंदी १.६ मीटर, क्षेत्रफळ ५.६ चौरस मीटर. तळ रस्त्यापासून २० सेंटिमीटर उंच आहे. पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढले, आणि ते अजून आत शिरलेले नाही. बाजूला सारलेले पाणी ०.५६ घनमीटर, म्हणजे ५६० किलोग्रॅम. चाकांवर भार उरला तो फक्त ६४० किलोग्रॅमचा. पाणी आणखी १० सेंटिमीटर चढले की बाजूला सारलेले पाणी १,१२० किलोग्रॅम; चाकांवर उरले ८० किलोग्रॅम! रस्त्यावर या वेळी पाणी आहे अवघे ४० सेंटिमीटर, पुरते गुडघाभरसुद्धा नाही.

पण गाडी तरंगली म्हणून संकट नव्हे, ती वाहून जाते म्हणून संकट. गाडीला आडवे सरकू न देणारे बल म्हणजे चाके आणि रस्ता यांच्यामधले घर्षण, आणि ते चाकांवरील भारावर अवलंबून असते. ओल्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.४ धरू. पाणी तळाच्या १० सेंटिमीटर वर असताना घर्षण ६४० × ९.८ × ०.४ म्हणजे सुमारे २,५०० न्यूटनपर्यंत साथ देते. २० सेंटिमीटर झाले की ८० × ९.८ × ०.४, म्हणजे जेमतेम ३१० न्यूटन.

आणि पाण्याचा रेटा? न्यूटनचा दुसरा नियम आठवा : बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर. दर सेकंदाला गाडीच्या बाजूवर येऊन आदळणाऱ्या पाण्याचे वस्तुमान घनता × क्षेत्रफळ × वेग एवढे, आणि त्याला पुन्हा वेगाने गुणले की संवेग. सगळेच पाणी थांबत नाही, बरेचसे वळसा घालून जाते, म्हणून अंदाजासाठी त्याचे अर्धे घेऊ. प्रवाहाचा वेग २ मीटर प्रति सेकंद, म्हणजे सावकाश धावणाऱ्या माणसाएवढा. गाडीच्या बुडालेल्या बाजूचे क्षेत्रफळ आधी ३.५ × ०.१ = ०.३५ चौरस मीटर. रेटा सुमारे ७०० न्यूटन. नंतर क्षेत्रफळ दुप्पट, रेटा १,४०० न्यूटन.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. आधी रेटा ७०० आणि घर्षण २,५०० : गाडी उभी राहिली. पाणी फक्त १० सेंटिमीटर वाढले, रेटा १,४०० आणि घर्षण ३१० : गाडी गेली. एक वीत पाणी वाढायलासुद्धा लागले नाही. एक बल वाढत जाते आणि त्याला अडवणारे बल त्याच वेळी घटत जाते, म्हणून चालकाला पुढचा धोका आधी जाणवतच नाही. शिवाय रेट्यात वेगाचा वर्ग आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. आपले आकडे अंदाजाचे आहेत, गाडी-गाडीत फरक पडेल; पण उत्तराची दिशा बदलणार नाही. हा हिशेब वहीत करून घरी दाखवा. नववी-दहावीच्या पुस्तकाबाहेरचे त्यात फारसे काही नाही.

दरडीचेही मूळ याच धड्यात आहे. उतारावरची माती घर्षणाने धरून राहते. तिच्यात पाणी मुरले की तिचे वजन तर वाढतेच, पण मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब त्या कणांना एकमेकांपासून किंचित उचलून धरतो आणि घर्षण घटते. ताटात ओली वाळू घेऊन, ताट हळूहळू तिरके करून पाहा. मग तीत पाणी ओतत जा आणि पुन्हा पाहा.

ओळंब्याचा प्रयोग

“आमच्या शाळेत प्रयोगशाळा नीट नाही,” ही तक्रार काही ठिकाणी खरी आहे. पण गवंड्याचा ओळंबा, दोरा आणि मोबाइलमधले घड्याळ एवढ्यावर गुरुत्व त्वरण काढता येते, हे किती जणांनी करून पाहिले आहे?

ओळंबा नसेल तर दोऱ्याला गुळगुळीत दगड बांधा. दारावरच्या खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर लांबी ठेवा. थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि २० दोलनांचा वेळ घ्या. एका दोलनाचा वेळ मोजू नका, कारण घड्याळ सुरू-बंद करताना होणारी चूक तुमच्या उत्तराला खाऊन टाकील. २० दोलनांत ती वाटली जाते. वेळ साधारण ४०.२ सेकंद येईल. दोलनकाल २.०१ सेकंद. ४ × पायचा वर्ग, म्हणजे ३९.४८, याला लांबीने गुणून दोलनकालाच्या वर्गाने, म्हणजे ४.०४ ने भागा. ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग!

पण बऱ्याच जणांचे उत्तर १०.८ च्या आसपास येते आणि ते ‘प्रयोगात चूक होतेच’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. दगड सोडताना ‘एक’ म्हटले असेल, तर ‘वीस’ म्हणेपर्यंत १९ च दोलने होतात. वेळ ३८.२ सेकंद येतो, तो २० ने भागला की उत्तर १०.८ येते. सोडताना ‘शून्य’ म्हणायचे. चुकीचे उत्तरसुद्धा काय चुकले ते सांगत असते, फक्त त्याला विचारले पाहिजे. नंतर दोरा २५ सेंटिमीटरचा करा आणि दोलनकाल निम्मा होतो की चौथा हिस्सा होतो, ते आधी वहीत लिहून मग मोजा.

‘आधी लिहून मग मोजा’ ही सूचना शिक्षक बंधुभगिनींसाठीही आहे. “समजले का?” या प्रश्नाला वर्ग एका सुरात “हो” म्हणतो, कारण पुढची तासिका जवळ आलेली असते. त्याऐवजी प्रयोग दाखवण्यापूर्वी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्यावा. दोन सारखे दिवे एकसरीत जोडले, तर बॅटरीजवळचा जास्त उजळेल की दूरचा? पुष्कळ मुले ‘जवळचा’ असे लिहितील, कारण धारा पहिल्या दिव्यात ‘खर्च’ होते अशी त्यांची समजूत असते. दोन्ही सारखेच उजळतात हे पाहून जो धक्का बसतो तो दहा वेळा फळ्यावर नियम लिहून बसत नाही.

वही, पुठ्ठा आणि पुस्तक

राहिला रोजचा अभ्यास. सोडवलेले उदाहरण वाचताना सगळे पटत जाते आणि आपल्याला आले असे वाटते. हा या विषयातला सर्वांत मोठा भ्रम. पोहणाऱ्याकडे काठावरून पाहून पोहता येत नाही. म्हणून पुस्तकातील सोडवलेल्या उदाहरणावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, फक्त प्रश्न उघडा ठेवा. दहा मिनिटे स्वतः झटा. अडलात तर पुठ्ठा एक ओळ खाली सरकवा, पुन्हा झटा. तेच उदाहरण दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने, काही न बघता. अपेक्षित प्रश्नसंचांतील तयार उत्तरे यापुढे फिकी वाटू लागतील.

चुकलेले उदाहरण खोडू नये. त्याच्या शेजारी एका शब्दात चूक कुठली ते लिहावे : एकक, चित्र, चिन्ह, आकडेमोड की कल्पना. महिन्याने मोजा. बहुतेकांना आपली निम्म्याहून अधिक पडझड एकक आणि आकडेमोड यांतच झालेली आढळेल. म्हणजे ‘फिजिक्स येत नाही’ हा निकाल घाईचाच होता. अपूर्णांकांचा भागाकार कच्चा असेल तर आठवडाभर तेवढाच करावा, त्यात कमीपणा नाही. भरती करायची जागा कळली हे काय थोडे झाले?

एस.टी.त बसून उदाहरणे होत नाहीत, पण अंदाज होतात. कशेडी घाटात गाडी ताशी ३६ किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला १० मीटर. चालकाला अडथळा दिसून ब्रेक लावेपर्यंत एक सेकंद गेला आणि नंतर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी झाला, तर १० मीटर विचारात आणि १० मीटर ब्रेकमध्ये, एकूण २० मीटर. ताशी ७२ ने असती तर? २० आणि ४०, एकूण ६० मीटर. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. हे तोंडी जमू लागले की विज्ञान-तंत्रज्ञान भाग १ च्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेला दोन तास पुरत नाहीत ही ओरड थांबेल. तिथे मात्र दिलेल्या राशी, सूत्र, किमती आणि एकक असे चारही टप्पे लिहायला विसरू नका. उत्तर डोक्यात आले म्हणून कागदावर गुण मिळत नाहीत.

सरावासाठी दोन प्रश्न देतो. घराचे छप्पर वरून पाहता १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पागोळ्यांतून किती लिटर पाणी गेले? दुसरा प्रश्न : उंची दर ३०० मीटरने वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंश सेल्सिअसने उतरतो. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात भात शिजायला पोलादपूरपेक्षा जास्त वेळ का लागतो, आणि पाणी उकळू लागल्यावर चुलीत आणखी लाकडे घातली तर तो लवकर शिजेल का?

पहिल्याचे उत्तर ८,००० लिटर. दुसऱ्यात महाबळेश्वरला पाणी साधारण साडेपंचाण्णव अंशांना उकळते, त्यामुळे तांदूळ कमी तापमानात शिजत राहतो. जाळ वाढवला तर पाणी जास्त झपाट्याने वाफ होऊन जाईल, तापमान तेवढेच राहील. झाकणावर दगड ठेवला तर काय होईल, ते मात्र तुम्ही सांगा.